अतिरेक्यांचे खटले साध्या कोर्टात कशाला?

लोअरपरळकर:
२६/११च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा, त्याला २०२५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतून आणलं आणि परत तेच, वकील, तारखा, अर्ज. रोज बसने सात रस्त्यावरून जातो, आर्थर रोड जेलची भिंत दिसली की कसाब आठवतो, आख्ख्या जगाने टीव्हीवर बघितलेल्याला पण आपण सरकारी खर्चाने वकील दिला. अमेरिकेने कसं, ९/११वाल्यांना ग्वांटानामोच्या लष्करी तुरुंगात टाकलं, मिलिटरी कोर्ट, विषय कट. आपण का नाही करत? खरंच विचारतोय, भांडायला नाही.

डबा_क्र_४:
विषय कट?? अहो ९/११चा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद २००३ला पकडला, निकालाचा अजून पत्ता नाही. १८३ वेळा वॉटरबोर्डिंग केलं, म्हणजे तोंडावर पाणी ओतून बुडाल्यासारखा छळ, मग त्यानंतर तो जे बोलला ते पुरावा म्हणून धरायचं की नाही यावरच वर्षानुवर्षं घोळ. २०२४ला 'गुन्हा कबूल करतो, फाशी नको' अशी डील झाली, ती त्यांच्याच संरक्षणमंत्र्याने दोन दिवसांत रद्द केली. कसाबला येरवड्यात फाशी दिली तेव्हा २६/११ला चार वर्षं व्हायला पाच दिवस बाकी होते, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज सगळं धरून.

विरारफास्ट:
कसाबची केस सोप्पी हो, जिवंत हातात सापडलेला. ११ जुलै २००६चं बोला, लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत स्फोट झाले त्याचं. माझा भाऊ माहीमहून रुळावरून चालत आला, शर्टावर दुसऱ्याच कोणाचं तरी रक्त. २०१५ला १२ जण दोषी, ५ जणांना फाशी, आणि २०२५ला हायकोर्टात बाराही निर्दोष. १९ वर्षं! मग केलं कोणी?

डबा_क्र_४:
ती केस मोक्काखाली होती ना, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, त्यात पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, एरवी चालत नाही. म्हणजे कडक कायदा होताच. पण ते जबाबच टिकले नाहीत, काहींचे भाग शब्दाला शब्द सारखे, आणि बॉम्ब नक्की कसला होता ते पण सिद्ध नाही झालं. मिलिटरी कोर्ट असतं तर हे पुरावे पक्के झाले असते का?

काळाकोट_फोर्ट:
कसाबच्या खटल्यात अजून दोन भारतीय आरोपी होते, नकाशे पुरवल्याचा आरोप, ते कोणाला आठवत नाहीत. गिरगाव चौपाटीला मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात नकाशा मिळाला म्हणे, पँट रक्ताने भिजलेली आणि नकाशावर एक डाग नाही. न्यायाधीश टहलियानीसाहेबांनी ते बरोबर पकडलं, दोघांना सोडलं, आणि त्याच दिवशी कसाबला दोषी धरलं. पुढे सुप्रीम कोर्टातही दोन्ही टिकलं.

लोअरपरळकर:
नकाशाचं माहीत नव्हतं.

विरारफास्ट:
मला पण नव्हतं. पण भावाला काय सांगू, तो अजून फर्स्ट क्लासचा पास काढत नाही.