'नऊ आकडे विचारा, विषय संपला' म्हणणाऱ्यांसाठी

सह्यकडा

परवा 'घरच्यांचा संगणक लांबून कसा दुरुस्त करावा' या धाग्यावर एका सदस्याने लिहिलं: "विंडोज, मॅक, लिनक्स काहीही असो. समोरच्याला ॲप टाकायला सांगा, नऊ आकडे विचारा, विषय संपला. आरडीपी, व्हीएनसी, व्हीपीएन हे रिकामटेकड्यांचे छंद." (ॲप म्हणजे एनीडेस्क, नऊ आकडे म्हणजे ते प्रत्येक यंत्राला देतं तो क्रमांक. आरडीपी हे विंडोजचं आणि व्हीएनसी हे सगळीकडे चालणारं, लांबून संगणक चालवायचं साधन. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून काढलेला खासगी बोगदा.) त्यावर +१ चा पाऊस पडला. तिथे उत्तर द्यायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

विषय संपत नाही. दोन्हीकडे विंडोज असेल तर एकवेळ संपेल.

आकडे वाचून दाखवायला पलीकडे माणूस लागतो. रात्री बंद कार्यालयातल्या यंत्रात शिरायचं असेल तर कोण वाचणार? मग कायमचा पासवर्ड लावून ठेवायचा. विंडोजवर ते चालतं. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी अशा दोन परवानग्या आधी त्या यंत्रावर द्याव्या लागतात. पहिली नसेल तर नुसता वॉलपेपर दिसतो, दुसरी नसेल तर सगळं दिसतं पण माउस हलत नाही. लिनक्सवर वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) आल्यापासून कुठल्याही ॲपला गुपचूप सगळा पडदा बघता येत नाही. आधी परवानगीची खिडकी उघडते, आणि ती उघडते पलीकडच्या पडद्यावर. तिथे 'शेअर' दाबायला कोणी नसेल तर बसा वाट बघत. आधीच्या एक्स११ यंत्रणेवर ही भानगड नव्हती, पण तिथे एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या कळा बिनबोभाट ऐकता यायच्या. वेलँडने केलं ते योग्यच केलं.

मला जास्त छळणारी गोष्ट वेगळीच. ते नऊ आकडे कोणाच्या तरी सर्व्हरवर नोंदलेले असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या यंत्रणेत घुसखोरी झाली होती. सर्टिफिकेटं बदलावी लागली, वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द करावे लागले. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं की हेच ॲप फोनवर टाकायला लावून लोकांचे यूपीआयचे पैसे काढले जात आहेत. तिथे ॲपमध्ये खोट नव्हती, लोकांनीच आकडे सांगितले होते. पण अनोळखी माणसाला फोनवर आकडे सांगण्याची सवय त्यांना लावली कोणी? आपणच ना?

माझ्याकडे दोन्ही टोकांना वायरगार्ड हे व्हीपीएन आहे आणि त्यातून ज्या त्या सिस्टिमचं स्वतःचं साधन वापरतो: विंडोज प्रोवर आरडीपी, मॅकवर स्क्रीन शेअरिंग, उबुंटू २४.०४ लिनक्सवर रिमोट लॉगिन. एका लॅपटॉपवरून तिन्हीकडे जाता येतं आणि किल्ली माझ्याच खिशात राहते.

घाटावरचा

तो प्रतिसाद माझा होता, तेव्हा उत्तरही मीच देतो.

माझी आई साताऱ्याला असते. तिच्या लॅपटॉपवर दुकानदाराने घालून दिलेलं विंडोज होम आहे. होमवरून दुसरीकडे आरडीपीने जाता येतं, पण होममध्ये आरडीपीने येता येत नाही, त्याला प्रो लागतं. 'विंडोज प्रोवर' एवढे दोन शब्द लिहून तुम्ही पुढे सटकलात. तिच्या इंटरनेटवाल्याने सीजीनॅट लावलंय, म्हणजे बाहेरून तिच्या राउटरला स्वतःचा पत्ताच नाही. मग भाड्याचा सर्व्हर घ्या, दर महिन्याला पैसे भरा, त्याचे अपडेट सांभाळा. कशासाठी? तर तिचा प्रिंटर का रुसलाय ते बघायला! तुमची पद्धत एकदा फोनवर तिला समजावून दाखवा, मी जाहीर शरणागती पत्करतो.

सह्यकडा

फोनवर समजावायची गरजच नाही. दिवाळीला घरी जाल तेव्हा एकदा बसवून ठेवा. भाड्याचा सर्व्हर नको असेल तर टेलस्केल वापरा. ती वायरगार्डवरच चालणारी तयार सेवा आहे, सीजीनॅटमधून वाट काढते. होम असेल तर एनीडेस्कसारखंच रस्टडेस्क टाका. त्याचा कोड खुला आहे, सर्व्हर स्वतःचा ठेवता येतो.

घाटावरचा

टेलस्केलचा सर्व्हर काय तुमच्या माळ्यावर ठेवलाय? तोही दुसऱ्याचाच. म्हणजे तुमचा परका चालतो आणि माझा परका चोर!

सह्यकडा

तो सर्व्हर मुख्यतः मजकूर कुलूपबंद करायच्या सार्वजनिक किल्ल्यांची देवाणघेवाण करतो. खासगी किल्ली यंत्राबाहेर जात नाही. मधल्या रिलेवरून वाहतूक गेली तरी ती बंद पाकिटातूनच जाते. तरीही तिथे थोडा विश्वास टाकावा लागतो, हे तुमचं बरोबर. ज्याला तोही नको त्याच्यासाठी हेडस्केल आहे, म्हणजे तोच सर्व्हर स्वतःच्या यंत्रावर.

हिशेबनीस

मधे बोलतो, कारण दोघेही घरगुती यंत्रांबद्दल बोलत आहात आणि खरी वाट लागते ती छोट्या कचेऱ्यांत. आमच्या एका अशिलाकडे टॅलीचे एकच यंत्र होते. मालक घरून मॅकवरून, मुलगा लिनक्सवरून आणि हिशेबाची मुलगी गावाहून विंडोजवरून, असे सगळे त्यात यायचे. साध्या विंडोजवर एका वेळी एकालाच बसता येते. दुसरा आला की पहिला बाहेर. म्हणून एका 'सल्लागाराने' विंडोजची फाइल फोडून अनेकांची सोय करून दिली आणि राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे आरडीपीचे दार, थेट जगाला उघडून दिले. पासवर्ड दुकानाच्या नावाचा. एका सोमवारी सगळ्या फाइल्स कुलूपबंद, पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप त्याच यंत्राला कायम जोडलेल्या डिस्कवर, तीही गेली. जीएसटीच्या तारखेच्या तोंडावर आम्ही कागदी बिलांवरून सगळे पुन्हा भरले.

मे २०१९ मध्ये आरडीपीतले ब्लूकीप नावाचे भगदाड निघाले तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला होता. मुदत कधीच संपलेल्या एक्सपीसाठी! तरीही ३३८९ उघडे ठेवणारे सल्लागार आजही गल्लोगल्ली आहेत. म्हणून म्हणतो, सह्यकडांनी 'आरडीपी वापरा' एवढेच लिहू नये. लोक वायरगार्ड विसरतील आणि पोर्ट तेवढे उघडतील.

घाटावरचा

हेच! अर्धवट ज्ञानाने केलेल्या आरडीपीपेक्षा माझे नऊ आकडे शंभर पटीने सुरक्षित.

शमा

नऊ आकडे सुरक्षित? आमच्या सोसायटीतल्या निवृत्त शिक्षकांना फोन आला, 'बिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार'. ॲप टाकायला लावलं, आकडे विचारले, 'दहा रुपये भरून बघा' म्हणाले. काका पिन टाकत होते आणि पलीकडचा बघत होता. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे गेले. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. काकांनी त्यानंतर फोन वापरणंच सोडलं. त्यांच्या मुलानेच वर्षभर आधी संगणक दुरुस्त करताना त्यांना ही पद्धत शिकवली होती, 'बाबा, आकडे सांगा'. घाटावरचा, हा विषय मला हसण्यावारी नेता येत नाही.

मृद्गंध

सगळ्यांची माफी मागून अवांतर विचारते, कारण माझा धंदा यावर चालतो. मी पुस्तकांचं डीटीपी करते. प्रेसमधल्या विंडोजला डाँगल (परवान्याची खुंटी, ती लावल्याशिवाय चालत नाही) लावलेलं जुनं सॉफ्टवेअर आहे, मी घरून लिनक्सवरून व्हीएनसीने त्यात जाते. पान दिसतं, माउस चालतो, पण मराठी टंकायला गेलं की काहीच उमटत नाही. इकडून युनिकोडमधला परिच्छेद कॉपी करून तिकडे पेस्ट केला की नुसती प्रश्नचिन्हं. यावर कोणी का बोलत नाही?

टर्मिनलवाला

अखेर कामाचा प्रश्न आला. व्हीएनसी कळ पाठवत नाही, अक्षर पाठवतं. तुम्ही 'क' दाबलात की पलीकडे 'क' उमटवा असा निरोप जातो. तिकडे चालू असलेल्या कीबोर्डवर 'क'ची कळच नसेल तर बरेचसे सर्व्हर तो निरोप टाकून देतात. आरडीपी उलट, कितवी कळ दाबली एवढंच कळवतं आणि अक्षर कोणतं ते पलीकडची सिस्टिम ठरवते. म्हणून आरडीपीत इकडे इंग्रजी ठेवा, तिकडे मराठी चालू करा. मॅकवरून जाणाऱ्यांना कीबोर्ड मोडमध्ये स्कॅनकोड (कळीचा क्रमांक) की युनिकोड (अक्षर) असं निवडता येतं, स्कॅनकोड घ्या.

प्रश्नचिन्हांचं कारण आणखी जुनं. व्हीएनसीच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये क्लिपबोर्डला (कॉपी-पेस्टला) लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांची, एवढीच अक्षरं पाठवता येतात. २०११ च्या आरएफसी ६१४३ या प्रोटोकॉलच्या दस्तऐवजात तसं स्पष्ट लिहिलंय. देवनागरीला त्यात जागाच ठेवली नाही. टायगरव्हीएनसीत विस्तारित क्लिपबोर्ड आहे, पण दोन्ही टोकांना तो असायला हवा.

मृद्गंध

म्हणजे इतकी वर्षं मी माझंच यंत्र बिघडलंय समजत होते! पण मी तर फोनेटिक टंकते. इकडे 'mi' असं रोमनमध्ये... तिकडे ते फोनेटिक साधनच नाही.

टर्मिनलवाला

मग इनस्क्रिप्ट शिका, भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीवर ते सोबतच येतं. वेगळं काही टाकावं लागत नाही. परक्या यंत्रावर बसलात तरी बोटांना वाट माहीत असते. फोनेटिकवाल्यांना रिमोटवर रडावं लागणारच.

घाटावरचा

आता हे राहिलं होतं! ज्यांची निम्मी हयात फोनेटिकवर गेली त्यांनी नवा कीबोर्ड शिकायचा, कारण तुमच्या प्रोटोकॉलला देवनागरी कळत नाही? उद्या म्हणाल मराठीच नको, प्रोटोकॉल सुखी राहील.

टर्मिनलवाला

शब्द तोंडात घालू नका. मी मराठीसाठीच सांगतोय. 'दुसऱ्या'तला ऱ फोनेटिकमध्ये कसा काढायचा ते दर साधनात वेगळं. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून र दाबला की ऱ, मग हलंत, मग य. सगळीकडे तेच. 'दुसर्या' असं अर्धवट लिहून पुस्तकं छापली जातात ती या आळसामुळे.

मृद्गंध

आळस? पहाटे चारपर्यंत पानं लावते मी. प्रकाशक पानामागे किती देतात ते आधी विचारा आणि मग आळसाच्या गोष्टी करा. आणि माझ्या पुस्तकांत 'दुसर्या' कधी छापून आलेलं नाही.

टर्मिनलवाला

तो शब्द तुमच्यासाठी नव्हता. तरी मागे घेतो. इनस्क्रिप्टबद्दलचं म्हणणं मात्र कायम.

हिशेबनीस

मृद्गंधताई, एक विचारतो. प्रेसमधला जुना मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असेल ना? तो तिकडून इकडे कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी येते का?

मृद्गंध

येतेच. क्लिपबोर्डवरून फॉन्ट येत नाही, नुसते कोड येतात. म्हणून तर मला लांबून काम करायला आवडतं. पान चित्र म्हणून दिसतं, तो फॉन्ट माझ्या घरच्या यंत्रावर नसला तरी अडत नाही. त्या जुन्या पुस्तकांच्या दुसऱ्या आवृत्त्या अशाच निघतात. डाँगल मेला त्या दिवशी काय करायचं, याचं उत्तर कोणाकडे नाही.

सह्यकडा

मूळ विषयाकडे येतो. उबुंटूवर एक गोष्ट लक्षात ठेवा. डेस्कटॉप शेअरिंग वापरत असाल आणि ऑटो-लॉगिन चालू असेल तर वीज जाऊन आल्यावर कीरिंग (पासवर्डांची पेटी) उघडत नाही, आणि आरडीपीचा पासवर्ड तिथेच ठेवलेला असतो. यंत्र चालू, नेट चालू, पण आत जाता येत नाही. यावर रिमोट लॉगिन हाच इलाज. आणि बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप सुरू' हे करून ठेवा. आपल्याकडे भारनियमन असतं, विसरू नका.

घाटावरचा

ठीक. शमा यांनी लिहिलेलं वाचून आईच्या फोनवरून ते ॲप काढायला सांगितलंय. लॅपटॉपवर ते राहणार, कायमच्या पासवर्डशिवाय. आकडे फक्त माझ्या आवाजाला सांगायचे, आणि फोन तिने मला करायचा, मी तिला नाही. वायरगार्डचं दिवाळीत बघू. टर्मिनलवाल्यांच्या इनस्क्रिप्टला मात्र माझा मरेपर्यंत विरोध.

मृद्गंध

प्रेसमधलं विंडोज प्रो निघालं. आज आरडीपी करून तिकडे मराठी इनस्क्रिप्ट लावलं. ऱ आला. वेग अजून गोगलगायीचा आहे. आता एकच अडचण, प्रेसमधल्या मालकांना समोर बसून पान बघायचं असतं आणि मी आत शिरले की त्यांचा पडदा लॉक होतो. व्हीएनसीत दोघांना दिसायचं. यावर काही?

टर्मिनलवाला

आरडीपीत तो लॉक होणारच, साध्या विंडोजची रीतच ती. टंकायला आरडीपी, पान दाखवायला व्हीएनसी. दोन्ही बसवून ठेवा, फक्त दोन्हींची पोर्टं बाहेर उघडू नका. आणि व्हीएनसीचा जुना पासवर्ड पहिली आठच अक्षरं बघतो, तेवढं ध्यानात असू द्या.