शितावरून भाताची परीक्षा सांध्यात चालते का?

धागाकर्ती (पॅथॉलॉजिस्ट)
सांध्याच्या आतल्या अस्तरावरचे, म्हणजे सायनोव्हियमवरचे पेपर वाचताना मी पुष्कळदा 'पद्धती' या भागातच अडते. "रुग्णांच्या गुडघ्यातून ऊतक घेतले", बस्स. सोनोग्राफीत बघून सुईने घेतलं, आर्थ्रोस्कोपीने (सांध्यात दुर्बीण घालून), की गुडघा बदलताना? तुकडे किती? रुग्ण तेव्हा स्टेरॉइडवर होता का? 'युलार' या संधिवातावर काम करणाऱ्या युरोपीय संघटनेने 2022 मध्ये अशा संशोधनात किमान काय नोंदवावं याचे मुद्दे प्रसिद्ध केले. माझं स्पष्ट मत आहे, एवढी माहिती नसलेला पेपर छापू नये. सूज अस्तरभर सारखी नसते. एका तुकड्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे पुंजके दिसतात, शेजारच्यात जवळजवळ काहीच नाही. शितावरून भाताची परीक्षा इथे फसते.

तालुक्याचा ऑर्थोपेडिक
मॅडम, नाही पटलं. आमच्याकडे एकच सांधा सुजलेला रुग्ण येतो तेव्हा मी अस्तराचा तुकडा काढतो तो टीबी आहे का हे पाहायला. संधिवाताचं ऊतक हाती येतं ते गुडघा बदलताना. सोनोग्राफीत बघून बोटांच्या सांध्यातून बायोप्सी घेणारं माणूस इथे आणायचं कुठून? छापण्यासाठी अशी अट घातली तर आमचे रुग्ण संशोधनातून बाहेरच राहतील.

धागाकर्ती
डॉक्टर, जे जमत नाही ते करा असं कुठे म्हटलं? जे केलं ते लिहा. "एकच तुकडा मिळाला" हे लिहायला एक ओळ लागते. गुडघा बदलताना निघालेलं ऊतक टाकाऊ नाही, पण तो बहुतेकदा वर्षानुवर्षं मुरलेला आणि औषधांनी दबलेला आजार असतो. त्यावरून पहिल्या सहा महिन्यांच्या सुजेबद्दल कुणी निष्कर्ष काढू नये, एवढ्यासाठी तो तपशील हवा.

आकडेवाला
मुद्दा किती मोठा आहे त्याचं उदाहरण देतो. 2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली संधिवाताच्या औषधांची आर-फोर-आरए चाचणी: 5 युरोपीय देश, 19 केंद्रं, 164 रुग्ण. बायोप्सीत बी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) कमी दिसल्या तर त्याच पेशी मारणाऱ्या रिटुक्सिमॅबपेक्षा टोसिलिझुमॅब हे दुसरं औषध जास्त लागू पडतं का, हा प्रश्न. सूक्ष्मदर्शकाखाली वर्गवारी केली तेव्हा गुण येण्याचं प्रमाण 45 विरुद्ध 56 टक्के, म्हणजे खात्रीचा फरक नाही. त्याच बायोप्सींची आरएनएवरून, म्हणजे पेशींत कोणती जनुकं चालू आहेत ते पाहून, वर्गवारी केली तर 36 विरुद्ध 63. वर्गवारी कशी केली हे लिहिलं नसतं तर या आकड्यांना अर्थच उरला नसता.

तरी धागाकर्तीशी एका बाबतीत माझा वाद आहे. यादीतल्या चौकटींवर खुणा केल्या म्हणजे काम चोख झालं, असं होत नाही. अस्तराची सूज स्लाइडवरून मोजणारा क्रेन स्कोअर 0 ते 9 असतो, आणि एकाच स्लाइडला दोन पॅथॉलॉजिस्ट वेगळे गुण देऊ शकतात. मी यादीपेक्षा स्लाइडचे फोटो मागेन.

संधिवाताच्या रुग्णाची मुलगी
आईने अशाच एका अभ्यासासाठी मनगटातून तुकडे दिले. दुसऱ्या दिवशी हात किती दुखतोय, हे कुणी विचारलं नाही. नोंदींची यादी करताय ना, त्यात हेही घाला. तुकडे तिच्या हातातून गेलेत.

तालुक्याचा ऑर्थोपेडिक
ताई, बरोबर आहे तुमचं. छापूच नये, याला माझा विरोध कायम आहे. पण ओटीच्या रजिस्टरमध्ये उद्यापासून चार रकाने वाढवतो: सांधा, तुकडे, चालू औषधं, दुसऱ्या दिवशीची विचारपूस.