जास्मिन ग्रीन टी कडू होतो, वास मात्र कपात उतरत नाही

सुटी_पत्ती

माझ्याकडे चार डबे आहेत. मोगऱ्याचा वास दिलेला ग्रीन टी (पत्ती गोळीसारखी वळलेली), गुलाबपाकळ्या घातलेला काळा चहा, अर्ल ग्रे आणि लाल अंबाडीच्या बोंडांचं, म्हणजे हिबिस्कसचं मिश्रण. चारही एकाच पद्धतीने करतो: पाणी खळखळून उकळायचं, गॅस बंद करायचा, कपाला एक चमचा पत्ती टाकायची आणि ५ मिनिटांनी गाळायचं.

मोगऱ्याचा डबा उघडला की घमघमाट सुटतो, पण कपात कडू पाणी मिळतं. गुलाबाचा चहा नुसता काळा चहा लागतो. अर्ल ग्रे नाकाला भरपूर येतो, जिभेवर काही राहत नाही. हिबिस्कसमध्ये दूध घातलं तर लगेच फाटलं.

पाणी किती गरम हवं, पत्ती किती, वेळ किती? आणि पत्तीच मुळात चांगली आहे की वरून अत्तर मारलेलं आहे, हे चाखून कसं ओळखायचं?

आदण

पाच मिनिटं आणि उकळतं पाणी, दोन्ही ग्रीन टीला फार झालं. वास आणि कडूपणा पत्तीतून एकाच चालीने सुटत नाहीत. सुगंधी द्रव्यं हलकी असतात, पहिल्या मिनिट-दीड मिनिटात बरीचशी बाहेर येतात आणि भांडं उघडं असेल तर वाफेबरोबर निघूनही जातात. गोडसर चव देणारी अमिनो आम्लं कमी तापमानालाही विरघळतात. तुरट-कडू कॅटेचिनं मात्र पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त तितकी जास्त उतरतात. उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवल्यावर वास उडून गेलेला असतो आणि कडवटपणा पूर्ण उतरलेला असतो. तुमच्या कपात नेमकं तेच होतंय.

म्हणून वास कमी वाटला तर पत्ती वाढवा, मिनिटं वाढवू नका.

आता मापं. चमच्याचा भरवसा सोडा. वळलेल्या गोळ्यांचा चमचा वजनाला फुलक्या पत्तीच्या चमच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट भरतो. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

मोगऱ्याच्या गोळ्या: २०० मिली पाण्याला ३ ग्रॅम, पाणी ८० अंश सेल्सिअस, पहिल्यांदा २ मिनिटं. गोळी पहिल्या पाण्यात अर्धवटच उलगडते, त्यामुळे त्याच पत्तीवर ओतलेलं दुसरं पाणी बऱ्याचदा सर्वांत भरदार येतं. त्याला दीड मिनिट पुरे, तिसऱ्याला ३. प्रत्येक वेळी पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून घ्या. तळाशी राहिलेल्या पाण्यात पत्ती मुरत राहते आणि पुढचा कप त्याच्यामुळे कडू होतो.

थर्मामीटर नसेल तर ३ भाग उकळतं पाणी आणि १ भाग साधं पाणी मिसळा. साधं पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर मिश्रण ८१ च्या जवळ येतं. भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर थंड चिनीमाती आणखी काही अंश खाऊन टाकते. क्रमही सांभाळा: आधी पाणी मिसळायचं, मग पत्तीवर ओतायचं. पत्तीवर उकळतं ओतून मागाहून गार पाणी घालण्यात अर्थ नाही, ती आधीच पोळलेली असते.

अर्ल ग्रे: २०० मिलीला ३ ग्रॅम, ९५ अंश, ३ मिनिटं. गुलाबाचा काळा चहाही तसाच. चौथ्या मिनिटानंतर काळ्या चहाचा तुरटपणा बर्गमॉटला, म्हणजे अर्ल ग्रेला वास देणाऱ्या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाला, झाकतो.

झाकण सगळ्यांना हवं. झाकण काढलंत की त्याची आतली बाजू हुंगा. उडालेला वास थेंबांबरोबर तिथे जमतो, आणि चहा कसा उतरलाय ते घोट घेण्याआधीच कळतं.

पाण्याकडेही बघा. जड पाण्यात चहावर तेलकट दिसणारा पातळ तवंग येतो आणि वास दबतो. आरओचं अगदी क्षार काढलेलं पाणी उलट चहा सपाट करतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ५० ते १५० च्या दरम्यान असेल तर फुलांचे चहा मोकळे लागतात. पाणी जड असेल तर आरओचं आणि नळाचं मिसळून तिथपर्यंत आणा.

पाकळी

आदण यांच्या मापांशी सहमत. फुलांबद्दल थोडं.

गुलाबपाकळ्या बहुतेक मिश्रणांत शोभेला असतात. वाळताना गुलाबाचा बराच वास उडतो, उरलेला काळ्या चहासमोर टिकत नाही. गुलाबाचा वास खरोखर लागतो तो चहाला ताज्या पाकळ्यांत ठेवून वास दिलेला असेल तेव्हा, किंवा वरून तेल लावलेलं असेल तेव्हा. तुमच्या डब्यात यातलं काहीच नसावं. चांगला काळा चहा ३ मिनिटांत गाळून घ्या आणि कपात अर्धा चमचा खाण्याचं गुलाबपाणी घाला. गुलाबाचा फिनाइल इथाइल अल्कोहोल हा घटक पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून तो गुलाबपाण्यात भरपूर असतो. बाटलीवर खाण्यायोग्य लिहिलेलं असायलाच हवं, चेहऱ्याला लावायचं नको. अख्ख्या सुक्या कळ्या वापरत असाल तर खालचा हिरवा देठ-पुष्पकोश खुडून टाका. कडवट तुरटपणा मुख्यतः तिथून येतो.

हिबिस्कस हा आम्लाचा चहा आहे. सायट्रिक, मॅलिक आणि हिबिस्कस आम्लामुळे दूध फाटणारच, त्यावर इलाज नाही. २५० मिलीला २ ते ३ ग्रॅम, उकळतं पाणी, ५ ते ७ मिनिटं. यात चहाची पत्तीच नाही, त्यामुळे ग्रीन टीचे नियम इथे लागू नाहीत. पुढे आंबटपणा चढत जातो, म्हणून सातव्या मिनिटाला गाळा. दुसऱ्या फुलांबरोबर मिसळायचं असेल तर एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नका, बाकी सगळ्यांना गिळून टाकतं. 'फळांचा चहा' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ मिश्रणांत मुख्य चव याचीच असते.

कॅमोमाइलला उकळतं पाणी, २५० मिलीला २ ग्रॅम, झाकून ५ मिनिटं. सुक्या शेवंतीची ४-५ फुलंही तशीच. ही दोन्ही एकाच कुळातली. ज्यांना या कुळातल्या फुलांच्या परागाची ॲलर्जी आहे त्यांनी टाळावीत. लॅव्हेंडर २५० मिलीला पाव चमचा, ३ मिनिटं, तेही दुसऱ्या चहाच्या जोडीला. त्याच्या वर गेलात की साबण आणि कापूर लागायला सुरुवात होते. गोकर्णाच्या फुलांना रंग देखणा, चव जवळजवळ नाहीच. लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा होतो, कारण त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लाला प्रतिसाद देतं. चवीच्या अपेक्षेने कोणी घेऊ नये.

कपबशी

वास दिलेला चहा की वरून मारलेला, या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या पाण्यात असतं.

मोगऱ्याचा चहा चीनमध्ये कसा करतात ते माहीत असेल तर चाखताना उपयोग होतो. वसंतात खुडलेला चहा उन्हाळ्यातल्या फुलांसाठी राखून ठेवतात. दुपारी कळ्या तोडतात, संध्याकाळनंतर त्या उमलायला लागल्या की चहाच्या पत्तीत मिसळतात. रात्रभर पत्ती वास आणि ओलावा दोन्ही पिते. फुलं चाळून काढतात, पत्ती पुन्हा वाळवतात, मग नवी फुलं. उंची मालासाठी हे बरेच फेरे चालतात. फूच्यान प्रांतातलं फूचौ हे या कामाचं जुनं गाव. म्हणून चांगल्या मोगरा चहात फुलं दिसत नाहीत किंवा अगदी तुरळक दिसतात. काही ठिकाणी शोभेसाठी मुद्दाम ठेवतात, पण भरपूर सुकी फुलं दिसली म्हणजे माल उत्तम, असं समजू नये. वापरून झालेल्या फुलात वास उरलेलाच नसतो आणि पाण्यात ती थोडी कडवटपणाच सोडतात.

असा मुरलेला वास दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यातही येतो. वरून फवारलेला पहिल्या पाण्यात जवळपास सगळा निघून जातो, आणि दुसऱ्यात खाली कोणती पत्ती वापरली आहे ते उघडं पडतं. शिळी, गवताळ किंवा पुठ्ठ्यासारखी चव आली तर वासाचा उपयोग हलकी पत्ती झाकायला केला होता हे नक्की. फवारलेला म्हणजे वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. अर्ल ग्रे मुळातच बर्गमॉटचं तेल लावून होतो, त्याची कसोटी दुसरं पाणी ही नाहीच. त्याच्यात बघायचं ते हे की तेल आणि पत्ती एकमेकांना धरून आहेत का. नुसतं नाकात जातं आणि जिभेवर काही नाही, याचं नेहमीचं कारण पत्ती हलकी आणि तेल जास्त. तोच अर्ल ग्रे निम्मा आणि साधा चांगला काळा चहा निम्मा असं मिसळून बघा.

चाखायची रीत. भांडं गरम पाण्याने विसळून रिकामं करा, कोरडी पत्ती त्यात टाका, झाकून अर्धं मिनिट थांबा, मग हुंगा. थंड डब्यात न कळलेला वास इथे कळतो. गाळल्यावर ओली पत्ती हुंगा. मग चहा ६० अंशांपर्यंत निवू द्या आणि चमच्याने आवाज करत भुरका मारा. हवेबरोबर वास घशाच्या मागून नाकात चढतो, फुलाची चव खरी तिथे लागते. तोच कप कोमट झाल्यावर आणि पूर्ण गार झाल्यावर पुन्हा चाखा. गरम असताना सगळेच चहा गोड वाटतात. गार झाल्यावर जिभेच्या मुळाशी अत्तरासारखा कडू थर राहिला तर वास जास्त लावलाय. मोगऱ्यात इंडोल नावाचं वासाचं द्रव्य असतं, त्यामुळे गार कपात किंचित डांबरगोळीची आठवण झाली तर घाबरू नका, ताज्या मोगऱ्यातही ते आहे.

दोन चहांची तुलना करायची असेल तर आयएसओ ३१०३ ही प्रमाण पद्धत आहे: १०० मिलीला २ ग्रॅम, उकळतं पाणी, ६ मिनिटं. असा चहा प्यायला कडक लागतो, पण दोष लपत नाही. एका बैठकीत चारपेक्षा जास्त नकोत. मंद वासाचा आधी, अर्ल ग्रे शेवटी. नाक थकतं, आणि बर्गमॉटनंतर मोगरा हुंगला तर बिचाऱ्यावर अन्यायच होतो.

ऊलाँगला (ग्रीन आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकाराला) ऑस्मँथस फुलाचा वास दिलेला मिळतो. तो एकाला जर्दाळूसारखा लागतो आणि शेजारी बसलेल्याला फारसा जाणवत नाही, असं होऊ शकतं. त्यातलं बीटा-आयोनोन हे द्रव्य हुंगण्याची क्षमता माणसागणिक जन्मतः वेगळी असते. तिथे मालाला दोष देण्याआधी दुसऱ्या कोणाला हुंगायला द्या.

सुटी_पत्ती

८० अंश, ३ ग्रॅम, २ मिनिटं, झाकून. मोगरा कपात आला, आणि दुसरं पाणी खरंच जास्त भरलेलं निघालं. मनापासून आभार! दोन शंका. एकच सिलिकॉनची गाळणी सगळ्यांना वापरली तर चालेल? आणि साध्या ग्रीन टीला ताज्या मोगऱ्याचा वास घरी देता येईल का?

आदण

सिलिकॉन नको. बर्गमॉटचा वास त्यात बसतो आणि धुऊन जात नाही. स्टीलची, उंच आणि रुंद जाळी घ्या. लहान गोल जाळीच्या चिमट्यात गोळ्या उलगडायला जागाच मिळत नाही. बिनझिलईच्या मातीच्या किटल्याही या चहांना वापरू नका, काच किंवा चिनीमाती बरी. किटलीत वास राहिला असेल तर लिटरभर गरम पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भरून ठेवा.

डब्यांचंही तेच. प्रत्येक चहाला स्वतःचा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, उजेड आणि मसाल्यांपासून लांब. फ्रिजमध्ये ठेवू नका. गार डबा बाहेर उघडला की हवेतला ओलावा पत्तीवर बसतो.

पाकळी

घरी वास देता येतो. फुलं फवारणी न केलेली हवीत, गजऱ्याची किंवा शोभेसाठी विकलेली नकोत. आणि फूल मोगऱ्याचंच आहे याची खात्री करा. तगर पांढरी असते पण देठ तोडला की पांढरा चीक येतो. चीक दिसला की ते फूल चहाजवळ नको.

५० ग्रॅम साधा, कोरडा ग्रीन टी आणि ४०-५० ग्रॅम टपोऱ्या, त्या रात्री उमलणाऱ्या कळ्या. सकाळी तोडलेल्या उमललेल्या फुलांचा वास जाऊन चुकलेला असतो. कळ्या उमलू लागल्या की हिरवे देठ काढून रुंद काचेच्या भांड्यात चहाचा एक थर, फुलांचा एक थर असं रचा आणि सुती कापडाने झाका. हवाबंद झाकण लावू नका, कोंडलेल्या ओलाव्याने फुलं तपकिरी होतात आणि चहाला आंबूस वास लागतो. ३-४ तासांनी एकदा वरखाली करा. ८ ते १० तासांत सगळी फुलं वेचून काढा, एक पाकळीही ठेवू नका.

आता पत्ती दमट झालेली असते. इथे बहुतेकांचं बिघडतं, कारण ती तशीच डब्यात भरली जाते आणि आठवडाभरात बुरशी येते. ओव्हनमध्ये ७०-८० अंशांवर पातळ पसरून २०-३० मिनिटं, दार किंचित उघडं ठेवून. बोटांत धरून पत्ती कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर आणखी १० मिनिटं. वाळवताना थोडा वास जाईलच. जास्त हवा असेल तर दुसऱ्या रात्री नवी फुलं घेऊन हाच फेरा पुन्हा करा. वाळल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा, आणि ४-५ दिवस उघडू नका. पहिल्या दिवशी वास वरवरचा आणि थोडा हिरवट लागतो, त्यावरून फेरा फसला असं ठरवू नका.

सुटी_पत्ती

एकाच फेऱ्याच्या पत्तीलाही ८० अंश आणि २ मिनिटंच ना?

पाकळी

पत्ती सुटी असेल, गोळीची नसेल, तर ७५ अंश आणि दीड मिनिट. एका फेऱ्याचा वास पहिल्या पाण्यातच बराचसा येतो, म्हणून २०० मिलीला साडेतीन ग्रॅम घ्या.