निपाणी: पंप, नोझल नवे, तरी तवंदी घाटात गाडी ओढत नाही

सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, इनलाइन पंप (सिलिंडरांना डिझेल दाबानं पाठवणारा). टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन केलेला (डिझेलचं माप जुळवलेला) पंप आणि डिझेल फवारणारे सहा नोझल बसवले. स्टार्ट उशिरा होते, पांढरा धूर येतो, उसाचा लोड असला की घाटात दम निघतो. कुठं बघू?

पंपमिस्त्री, बेळगाव:
अण्णा, टायमिंग मागं पडलंय बहुतेक, म्हणजे डिझेल उशिरा फवारलं जातंय. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनला, म्हणजे हवा दाबण्याच्या स्ट्रोकला आणा. त्याचे दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सैल आणि सहा नंबरचे व्हॉल्व्ह हलते, तरच बरोबर. नुसत्या फ्लायव्हीलच्या खुणेवर जाऊ नका, ती खूण एक्झॉस्ट स्ट्रोकलाही जुळते. मग मॅन्युअलमधल्या डिग्रीवर स्पिल टायमिंग घ्या, म्हणजे पंपातून वाहणारं डिझेल थांबतं तो क्षण जुळवा. पंप इंजिनकडं झुकवला की लवकर की उशिरा, हे फिरण्याच्या दिशेवर ठरतं. फार पुढं नेलात तर ठोके येतील, पिस्टन जाईल.

खानापूरकर:
त्याआधी डिझेल लाइनमधली एअर काढा, सोपं काम आहे. फिल्टरचा स्क्रू सैल, हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. मग पंपाचा. शेवटी नोझलचे पाइप नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, एका वेळी पंधरा सेकंदच. फवाऱ्यासमोर हात नकोच! डिझेल कातडीत घुसतं, थेट दवाखाना गाठावा लागतो.

पंपमिस्त्री, बेळगाव:
आणि जुना कॉपर वॉशर नोझलच्या भोकात चिकटून राहिलाय का बघा. त्यावर नवा बसला की नोझल उंच राहतं, फवारा चुकतो. टाकी धुऊन दोन्ही फिल्टर बदला. पाणी राहिलं तर पंपातले नवे प्लंजरही (डिझेल दाबणारे दांडे) खाईल.