रडारचा पल्ला शेकडो किलोमीटर, मग छोटी होडी निसटते कशी?

काठावरचा:
नव्या युद्धनौकांबद्दल वाचलं की रडारचा पल्ला दोनशे-तीनशे किलोमीटर वगैरे दिलेला असतो. दुसरीकडे, फायबरची होडी अगदी जवळ येईस्तोवर कळत नाही असंही लिहितात. दोन्ही खरं कसं? शिवाय एआयएसवर, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवतात त्या यंत्रणेवर, सगळे दिसतातच ना?

डोलकाठी:
तो पल्ला उंचावरच्या विमानासाठी. पाण्यालगतच्या गोष्टीला पृथ्वीची गोलाई आड येते. अँटेनाची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींच्या वर्गमुळांची बेरीज करा, ४.१२ ने गुणा. अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. अँटेना २५ मीटरवर आणि होडी १ मीटर उंच असेल तर जेमतेम २५ किलोमीटर.

काठावरचा:
२५ म्हणजेही पुष्कळ की!

रात्रपाळी:
कागदावर पुष्कळ. मी नौदलातला नाही, व्यापारी जहाजांवर ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, केलेला माणूस. पण लाटा दोघांनाही सारख्याच छळतात. खवळलेल्या समुद्रात लाटांवरून परतणाऱ्या रडारच्या लहरी पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे आपल्या जहाजाभोवतीच, नुसता चिवडा करून ठेवतात. तो कमी करायला सी क्लटरचं बटण असतं. कमी ठेवलं तर होडी लाटांत हरवते, जास्त फिरवलं तर लाटांबरोबर होडीही पुसली जाते. आणि पडदा दिसतो कसा, एकदम स्वच्छ! नवखा ऑफिसर खूश होतो. मला अशा वेळी स्वच्छ पडद्याचीच धास्ती वाटायची.

त्यात फायबर आणि लाकूड लहरी फारशा परतवत नाहीत. इंजिनाचं धातू काय ते थोडंफार चमकतं. अँटेनाच्या एका फेऱ्यात ठिपका येतो, पुढचे दोन फेरे काहीच नाही. असा तुटक ठिपका यंत्र ट्रॅक म्हणून धरत नाही. एक्स-बँड रडार (लहरींची लांबी ३ सेंमी) बारकावे चांगले दाखवतो पण पावसात गडबडतो, एस-बँड (१० सेंमी) पावसातून बरा पाहतो. म्हणून खराब हवेत दोन्ही चालू ठेवायचे.

एआयएसचं म्हणाल, तर ते ज्याने त्याने स्वतःबद्दल सांगितलेलं असतं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना ते सक्तीचं. मासेमारीच्या छोट्या होडीला हा नियम लागत नाही, युद्धनौकांना सूट. लपायचं असेल तो बंद करतो, नाहीतर खोटी जागा पाठवतो. पण रडारवर मोठा ठिपका आहे आणि एआयएसवर कोणीच नाही, हे दिसलं की दुर्बीण तिकडे वळलीच पाहिजे.

डोलकाठी:
युद्धनौकेवर दुर्बिणीच्या जागी थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा. रडार दिशा देतं, कॅमेरा तिकडे वळतो, लेझर अंतर मोजतो. मात्र दाट धुकं असलं की कॅमेऱ्याचाही पल्ला घटतो.

काठावरचा:
म्हणजे सेन्सर वाढवले की प्रश्न मिटला?

रात्रपाळी:
नाही हो. १२ ऑक्टोबर २००० ला यूएसएस कोल ही अमेरिकी युद्धनौका येमेनच्या एडन बंदरात इंधन घेत होती. स्फोटकांनी भरलेली होडी थेट बाजूला येऊन भिडली, १७ नौसैनिक गेले. होडी डेकवरून डोळ्यांना दिसत होती, पण बंदरात कामाच्या होड्यांची ये-जा चालूच असते. तिथे पल्ला कितीही असता तरी काय उपयोग? ही कामाची होडी की दुसरी कोणी, हे वेळेत ठरवायचं कोणी आणि थांबवायचं कुठल्या अंतरावर, याचे आदेश आधीच स्पष्ट हवेत. ते काम कुठलाही सेन्सर करत नाही.