‘हरतो तो मनाने हरतो’ म्हणणाऱ्यांनी आधी खांद्याचं बघा

सरळसोट
काल सगळीकडे फिरलेली पोस्ट: ‘स्टेज तीन असो की चार, रेडिएशनच्या टेबलावर हसत झोपा, किरणांना अमृत समजा, रडलात तर पेशी वाढतात, कातडीला हळद-सायीचा लेप लावा. हरतो तो मनाने हरतो.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलेल्या बाईचा आजार पुढे गेला, तर तो ती रडली म्हणून गेला का? लिहिणाऱ्याने उत्तर द्यावं.

पेशंट हसतोय की रडतोय हे लिनॅकला, म्हणजे किरण सोडणाऱ्या यंत्राला, कळत नाही. हात रोज त्याच जागी येतो की नाही, एवढंच त्याला लागतं. काखेतल्या गाठी काढल्या की खांदा आखडतो. हात डोक्यावर जाऊन ब्रेस्ट बोर्डच्या (ज्या तिरक्या फळीवर झोपवतात तिच्या) टेकूवर टिकत नसेल तर किरण कुठे द्यायचे ते आखण्याचा सीटी स्कॅन अडतो आणि तारीख पुढे जाते. म्हणून ड्रेन (ऑपरेशननंतरची नळी) निघाला, टाके सुकले की हात वर नेत भिंतीवर बोटं चढवायची, दिवसातून दोन-तीनदा, आणि शेक, म्हणजे रेडिएशन, संपल्यावरही काही महिने. डाव्या बाजूचा शेक असेल तर हृदय लांब राहावं म्हणून वीसेक सेकंद श्वास रोखायला सांगतात. घरी सराव केला तर जमतं. यातलं अक्षर तरी आहे का त्या पोस्टमध्ये?

उमेद
पोस्ट बाळबोध आहे, मान्य. पण तुमचा सूर असा की उमेद म्हणजे अंधश्रद्धाच. 1989 साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या बायका दर आठवड्याला आधारगटात बसल्या, त्या जवळपास दुप्पट जगल्या. भिंतीवर बोटं चढवून होतं का हे?

आकडेमोड
लोक 1989 ला थांबतात, पुढचं पान उलटतच नाहीत. 2001 साली कॅनडात पामेला गुडविन यांनी 235 बायकांवर तेच करून पाहिलं. आयुष्य वाढलं नाही. 2007 साली खुद्द स्पीगल यांनी पुन्हा केलं, एकंदरीत तेव्हाही वाढलं नाही.

उमेद
आणि गुडविनच्याच अभ्यासात मन हलकं झालं, वेदना कमी जाणवल्या, ते का गिळलंत? शिवाय 1999 चा लॅन्सेट: ज्या बायका हताश होत्या त्यांचं पुढे वाईट झालं.

आकडेमोड
त्याच पेपरात ‘लढाऊ वृत्ती’ने काडीचा फरक पडला नाही, तेही लिहा ना. हताशपणावर सुविचार चालत नाहीत. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, तर ओपीडीत स्पष्ट सांगायचं. आणि टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी चालू असेल तर नैराश्याची गोळी मनाने घ्यायची नाही. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन त्याचं काम बोथट करतात, डॉक्टर दुसरी निवडतात.

उमेद
बरं. आयुष्य वाढतं हा दावा सोडला. गट सोडणार नाही.

खडूस_मावशी
तुमचे पेपर चालू द्या. पोस्टमधल्या लेपात काय वाईट आहे ते कुणी सांगेल का? पिढ्यान्‌पिढ्या जखमेवर हळदच लावतो आपण.

टेबलाशेजारी
शेकाची जागा दाखवायला कातडीवर शाईच्या खुणा करतात, हळद त्यांवर चढते, पिवळ्याखाली लाली दिसत नाही आणि तपासणारा फसतो. साय ओलसर कातडीवर ठेवणं म्हणजे जंतूंना जेवण. कोमट पाणी, सौम्य साबण, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं, डॉक्टरांनी दिलेलंच मलम लावायचं. खुणा पुसट झाल्या तर पेनने स्वतः गिरवायच्या नाहीत, आम्हाला, शेक देणाऱ्यांना, सांगायचं.

सगळे छातीकडे बघत बसतात, गळ्याकडे कुणी बघत नाही. गाठींसाठी कॉलरबोनवर शेक असतो आणि नेमकं तिथेच मंगळसूत्र घासतं. काळे मणी, घाम, वर पदराची पिन. तेवढे दिवस मंगळसूत्र काढून ठेवायचं. यावर सासूबाई रुसल्या तर रुसू द्या. पर्सचा पट्टाही त्या खांद्यावर नको. किरण मागून बाहेर पडतात, त्यामुळे पाठीचा वरचा भाग काळवंडतो, खाजतो. आरशात तो दिसत नाही, घरच्यांनी बघायचा.

खडूस_मावशी
मंगळसूत्रावर घसरायची काय गरज होती? विषय हळदीचा होता.

टेबलाशेजारी
घसरलो नाही, कातडी तिथेच सोलते म्हणून लिहिलं. शेकाआधी दोन तास क्रीमही नको, हेही लिहून ठेवा.

आकडेमोड
तो दोन तासांचा नियम जुना झाला. 2018 मध्ये मोजून दाखवलंय की पातळ थराने कातडीवरचा डोस वाढत नाही. तीन मिलीमीटरचा थापा असेल तरच वाढतो.

टेबलाशेजारी
आमच्याकडे येणारे थापाच मारून येतात, साहेब. पण ठीक, पातळ थर चालेल. तुमच्या विभागात काय सांगितलंय ते आधी बघा.

सरळसोट
हळदीने धागा पळवला. कातडीबद्दल मोठी फसगत वेगळीच आहे. 40 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), 15 शेक, तीन आठवडे (कुठे अजून 50 ग्रे, 25 शेक). लाली दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते, पण कळस शेवटच्या शेकानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी. सुटलो म्हणून बाई गावी पोचते आणि तिथे काखेत, स्तन ठेवला असेल तर त्याखालच्या घडीत, कातडी ओली होऊन सुटते. मग कुणीतरी जांभळं औषध फासतं. त्याने कातडी कोरडी पडून तडकते. न चिकटणारी सिलिकॉनची पट्टी निघतानाच मागून घ्या आणि कुणाला फोन करायचा ते फाइलवर लिहून घ्या.

कण्याचा_प्रश्न
चौथ्या स्टेजबद्दल कुणी बोलतच नाही, म्हणून लिहितो. हाडाच्या दुखण्यावर पुष्कळदा 8 ग्रेचा एकच शेक देतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणं उलट उसळू शकतं, आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी सांगितलेलं नसलं की घरचे धरून बसतात, ‘हिचा विश्वासच नव्हता, म्हणून लागू पडलं नाही.’ पॉझिटिव्हवाल्यांचा खरा जाच इथे आहे. मॉर्फिन मध्येच बंद करायचं नाही, सोबत पोट साफ ठेवणारं औषध हवंच. कण्यात आजार असेल आणि पाय लटपटले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठायचं.

उमेद
हे पटलं. पण परळला टाटात रोज शेकाला यायचं आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचं, तर शेजारच्या खाटेवरची बाई ‘होईल गं’ म्हणते ना, तेही औषधच आहे. त्यावर तरी फुली मारू नका.

सरळसोट
शेजारच्या बाईवर फुली कोण मारतंय? ती ‘तू मनाने हरलीस’ म्हणत नाही. ‘घसा दुखतोय का, आज भाकरी नको, मऊ भात खा’ असं म्हणते. कॉलरबोनच्या शेकाने अन्ननलिका सुजते हे तिला कुणी शिकवलेलं नसतं.

खडूस_मावशी
हळद परत डब्यात ठेवली, झालं समाधान? कोरफडीला मात्र हात लावायचा नाही कुणी.

टेबलाशेजारी
कोरफडीने विशेष फायदा दिसलेला नाही. कातडी सुटली असेल तर नाहीच लावायची. एरवी डॉक्टरांना विचारून. आणि कुंडीतली असेल तर पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या, त्याने कातडी चुरचुरते.