मदत हवी आहे: १९०८ च्या बेसबॉलमधली मकॉर्मिकची धाव का धरली नाही?

मंडळी, बेसबॉल कळणारं कुणी आहे का इथे? न्यूयॉर्क जायंट्सच्या १९०८ च्या हंगामाबद्दल वाचतोय आणि एका सामन्यापाशी अडलोय.

२३ सप्टेंबर, पोलो ग्राउंड्स, समोर शिकागो कब्ज. १-१ बरोबरी, शेवटची पाळी, दोघे बाद. जायंट्सची फलंदाजी: तिसऱ्या बेसवर मकॉर्मिक, पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. ब्रिडवेलने फटका मारला, मकॉर्मिक धावत होम प्लेटला (जिथे धाव पूर्ण होते) पोचला, प्रेक्षक मैदानात घुसले. जिंकलो म्हणून मर्कल दुसऱ्या बेसला न जाता परस्पर क्लबहाउसकडे वळला. इकडे कब्जच्या एव्हर्सने चेंडू मिळवून (तोच चेंडू होता का, यावर अजून भांडणं आहेत!) दुसऱ्या बेसला पाय लावला. पंच ओ'डे यांनी मर्कलला बाद दिलं, सामना बरोबरीत.

क्रिकेटमध्ये दुसरी धाव घेताना रनआउट झालं तरी पहिली मोजतात. मग इथे आधीच पूर्ण झालेली धाव का गेली? मर्कलला असं बाद देण्याला 'फोर्स आउट' म्हणतात, तो नेमका कधी लागतो, कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवलेला सामना कब्जने ४-२ जिंकला आणि एका विजयाच्या फरकाने लीगही. बिचाऱ्या मर्कलला लोकांनी जन्मभर टोमणे मारले. तेव्हा नियम खरंच इतका स्पष्ट होता का?